राखणदारापुढे माझं नाव

मुंबईच्या रेगेसाहेबांनी मालवणच्या किनाऱ्यावरच्या रापणकर मच्छीमारांना फसवलं, आणि ते फसवण्यासाठी माझी जीभ वापरली. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे समुद्र, माड, मासे असं बरंच येणार आहे आणि वाचणाऱ्याचं मन त्यात रमेल. माझंही रमलं होतं.

मी ट्रकच्या बॉड्या बांधतो. कोल्हापूरच्या बाहेर हमरस्त्याला लागून माझी शेड आहे. लहानपणी दुसऱ्याच्या शेडमध्ये भंगार उचलायला लागलो, तिथून इथवर आलो ते हाताच्या आणि तोंडाच्या जोरावर. लोखंडवाला असो, लाकूडवाला असो, ट्रकचा मालक असो, भाव ठरवताना मला कोणी गुंडाळलेलं नाही. राग लवकर येतो, हेही खरं. पण रागातसुद्धा माझा हिशेब चुकत नाही, असा माझा समज होता.

गोव्याकडे निघालेलं एक परदेशी जोडपं एकदा शेडवर थांबलं. त्यांच्या गाडीच्या दाराचं बिजागर तुटलं होतं. गाडीत पलंग, स्टोव्ह, पाण्याची टाकी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. बिजागर जोडून होईपर्यंत माझी बायको इंदू आत जाऊन बसली होती. ती उतरली आणि म्हणाली, "इतकी वर्षं मालासाठी बॉड्या बांधल्या. एक माणसासाठी बांधा की."

बांधली. जुना टेम्पो घेतला, वर नवा सांगाडा चढवला, आत दोन बाकं केली, ती रात्री जोडली की पलंग होई. पडदे इंदूने शिवले. तिने समुद्र पाहिला नव्हता. माघ महिन्यात शेड भावाच्या हवाली करून आम्ही फोंडा घाट उतरलो.

घाट उतरताना पहिला फरक नाकाला कळतो. वर कोरडा वारा आणि उसाचा वास, खाली ओल आणि पालापाचोळा. कणकवलीच्या टपरीवर नवा जिल्हा झाल्याच्या गप्पा चालल्या होत्या. कोणती कचेरी कुठे येणार, कोणाची जमीन जाणार. आमची गाडी पाहून टपरीवाल्याने विचारलं, "ह्या काय, दवाखानो?" इंदूने त्याला पडदा सरकवून आतला स्टोव्ह दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "बरा आसा. सासू इली काय घर घेवन पळाक येता."

मालवणात बाजार ओलांडून, गावाबाहेर उत्तरेला, एका माडांच्या बागेच्या कडेला आम्ही थांबलो. समोर नुसता समुद्र, डावीकडे लांब पाण्यात किल्ला. इंदू उतरली, चपला हातात घेतल्या आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. मी हाक मारली तरी वळली नाही.

मला खिडकीतून समुद्र दिसायला हवा होता, म्हणून गाडी मी बागेच्या कडेवरून खाली वाळूत घेतली. ओहोटीची वाळू फरशीसारखी घट्ट लागत होती. आम्ही बाजारात जाऊन, बंदरावर फिरून परत आलो, तेव्हा भरती चढत होती आणि मागची दोन्ही चाकं अर्धी आत गेली होती. इंजिन चालू केलं तशी आणखी रुतली. मी चाकांना शिव्या दिल्या, वाळूला दिल्या, इंदूलाही दोन शब्द बोललो. पाणी टायरपर्यंत आलं होतं.

तेव्हा किनाऱ्यावरच्या एका झावळ्यांच्या खोपीतून माणसं आली. पुढे एक उंच, वाळका म्हातारा. भिवा तांडेल. तो त्या रापणीचा म्होरक्या. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मैलभर लांबीचं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या गावाने मिळून ओढायच्या. ओढणाऱ्या मंडळींनाही रापणच म्हणतात. भिवाने मला एक शब्द विचारला नाही. रापणीची दोरी आणून गाडीच्या चासीला बांधली, माणसं दोन रांगांत उभी राहिली, कोणीतरी सूर धरला आणि जाळं ओढावं तशी माझी गाडी वर ओढली.

मी पाकीट काढलं. भिवाने माझ्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दोरयेक हात लावलो त्येका वाटो, पैसो नाय," तो म्हणाला. "उद्या सकाळी तुमी आमच्या दोरयेक हात लावा. फिटला."

मागून एक बाई म्हणाली, "आणि बाकीच्यांका सांगा, आज रापणीक टेंपो गावलो." ती भिवाची बायको, पारू. सगळे हसले. मला हसू आलं नाही, पण इंदू हसली. मघाशी मी तिला बोललो होतो, ते त्या हसण्यात वाहून गेलं.

सकाळी मी दोरी धरली. वाटलं होतं तेवढं सोपं ते काम नाही. कमरेत बळ लागतं आणि पायाखाली वाळू सरकते. जाळं आलं तेव्हा आत बांगडा उसळत होता. मग वाटे पडले. वाळूवर ढीग मांडले. दोरी ओढणाऱ्यांचे, होडीचा, जाळ्याचा. एक ढीग देवळासाठी. एक अशा बाईसाठी, जिचा नवरा गेल्या पावसाळ्यात बुडाला होता. आणि एक माझा. मी कोण, कुठला, हे कोणी विचारलं नाही. हात लावला होता, एवढं पुरे. आमच्याकडे ऊस तोडायला माणसं लावली तर मुकादम आधी नाव विचारतो, मग गाव, मग जात. मी तो ढीग बघत उभा राहिलो. त्यात भाव करायला जागाच नव्हती.

मग दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. सकाळी दोरी, मग गाडीच्या सावलीत उकड्या तांदळाची पेज. पारूने इंदूला बांगड्याचं तिखलं करायला शिकवलं. तिरफळ घातल्यावर ते खायचं नसतं हे सांगायला मात्र ती विसरली. इंदूने एक चावलं आणि तिची जीभ संध्याकाळपर्यंत बधिर राहिली. पारू म्हणाली, "बरा झाला, मिस्त्र्यांका आज शांतता." इंदूने तिला आमची कांदा-लसणाची चटणी दिली. पारूने बोटाने चाखली आणि डोळे पुसत म्हणाली, "तुमच्या घाटार माणसा रडाक हीच खातत काय?"

पारू टोपली घेऊन बाजारात जायची. एकदा मी तिच्याकडून सुरमई घेताना सवयीने भाव पाडायला लागलो. तिने सुरमई परत टोपलीत टाकली.

"मिस्त्री, पत्रो सांजेपर्यंत थांबता. मासो थांबना नाय. कायते एकदाच बोला."

एकदाच बोललो. त्या किनाऱ्यावर मला ती सवय लागत चालली होती. होडीने किल्ल्यात जाऊन आलो, तेव्हा इंदू काठ घट्ट धरून बसली होती. परत येताना तिने एक हात सोडून पाण्यात घातला. संध्याकाळी ती आणि पारू खोपीजवळ बसत, आणि मी भिवाशेजारी. तो जाळं विणत असे. बोलणं फार होत नसे. त्याआधी मला आयुष्यात कोणाशेजारी गप्प बसता आलं, असं आठवत नाही.

रेगेसाहेब याच दिवसांत आले.

माडांची ती बाग त्यांनी नुकतीच विकत घेतली होती. पांढरी पँट, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं गोड. रोज सकाळी किनाऱ्यावर फिरायला येत. माझी गाडी आतून बाहेरून पाहिली, सांध्यांवरून बोट फिरवलं, इंदूच्या हातचा चहा घेतला. म्हणाले, "आमचं मूळ इथलंच. पण वडील मुंबईला गेले, मला आता इथे कोण ओळखतं? तुम्हाला मात्र ह्या लोकांनी आठवड्यात आपलं केलं."

स्तुती कोणाला नको असते. मग मुद्दा आला. बागेत पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. रापणकरांची खोप आणि जाळं सुकवायची जागा नेमकी पुढ्यात येत होती. ती तेवढी उत्तरेला, खडपाच्या म्हणजे खडकाळ किनाऱ्याच्या बाजूला हलवावी.

मी त्यांना सरळ विचारलं, "आणि त्यांना काय?"

"तुम्हीच सांगा."

मी तीन गोष्टी मागितल्या. बागेतून समुद्राकडे जाणारी वाट उघडी राहील. रापण ज्या वाळूत ओढतात तिथे कधी काही आडवं येणार नाही. आणि बागेतल्या विहिरीचं पाणी त्यांना राहील. रेगे तिन्हींना लगेच हो म्हणाले. लोखंडाच्या बाजारात कोणी इतक्या लवकर हो म्हटलं असतं तर मी माल तपासून घेतला असता. इथे मी खूश झालो.

मी म्हणालो, "स्टॅम्पवर लिहून घेऊ."

"आपल्या माणसांत कागद कशाला, मिस्त्री?" रेगे म्हणाले.

भिवाकडे गेलो. तो ऐकत राहिला, सुई चालूच होती.

"खोप माझ्या आज्यान बांधलेली," तो म्हणाला.

"झावळ्यांची खोप. दर वर्षी नव्याने शाकारता. तिथे काय, इथे काय."

"वाट आसतली?"

"असेल."

"वाळू?"

"तुमचीच. मी बोलून घेतलंय."

"साहेब सोता सांगतलो?"

"सांगतील. कागदही करू म्हणालो मी."

त्याने सुई थांबवली. "कागद माका वाचूक येना नाय आणि राखणदाराक पण येना नाय. गाराणा घालूया. तेच्या कानार पडला म्हणजे झाला."

त्या किनाऱ्याचा राखणदार म्हणजे एका उंडीच्या झाडाखालचा शेंदूर नसलेला दगड. गावाची हद्द तो राखतो, असं तिथे मानतात. त्याच्यापुढे नारळ ठेवून, मोठ्याने, सगळ्यांसमोर बोलायचं, की आम्ही असं असं ठरवलं आहे, तू ऐक, तू सांभाळ. त्याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. आमच्याकडे देवाला नवस करतात, तो एकट्याने, मनात. इथे सगळं उघड्यावर आणि माणसांची नावं घेऊन. नाव घेतलं तो बांधला गेला.

भिवाला कागद नको होता, कारण त्याला राखणदार होता. रेग्यांना का नको होता, ते मी तेव्हा विचारलं नाही.

ठरल्या दिवशी सगळी रापण उंडीखाली जमली. बायका मागे, इंदू त्यांच्यात. रेग्यांचा ड्रायव्हर आला. त्याच्या हातात नारळ आणि केळ्यांचा घड. साहेबांना तातडीने कुडाळला जावं लागलं, नारळ त्यांच्याकडून, तुम्ही उरकून घ्या, असा निरोप.

भिवाने नारळ हातात घेतला आणि तसाच धरून उभा राहिला.

"धनी नाय आसा," तो म्हणाला. "मगे शबुद कोणाच्या नावार घालू?"

खालून लाटेचा आवाज येत होता. मला वाटलं, एवढं जुळवून आणलेलं आता मोडणार. सगळे माझ्याकडेच पाहत होते.

"माझं नाव घाल," मी म्हणालो. "बोलणी मी केली. शब्द माझा."

भिवाने मान हलवली. मग त्याने आवाज लावला, आणि रोज पुटपुटणारा तो म्हातारा मला ओळखू येईना.

"बा राखणदारा म्हाराजा, आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत. खोप हलयतत, वाट ऱ्हवतली, वाळू ऱ्हवतली, पाणी ऱ्हवतला. ह्यो शबुद घाटावरच्या मिस्त्र्यान दिलेलो आसा. ह्या शबदात कोणी आडो इलो, तर तेका सरळ कर म्हाराजा. आणि ज्येना शबुद दिलो, तेका तो सांभाळूची बुद्धी दी म्हाराजा."

सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

परतताना इंदूने विचारलं, "तुमचं नाव कशाला दिलंत?"

"नाव दिल्याने काय झिजतं?"

दुसऱ्या दिवशी खोप हलली. मीही दोन खांब धरून चाललो. निघताना पारूने सुक्या बांगड्यांची पुडी दिली, आणि भिवाने गाडीच्या टपावर हात ठेवला, तो आम्ही सुटेपर्यंत तसाच.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गेलो. इंदूने पडदे धुतले होते आणि चटणीचा डबा घेतला होता. मालवणच्या बाजारात मासळीच्या रांगेत पारू दिसली. पुढे टोपली, पण टोपलीत बारीक मासळी, बर्फातली. मला पाहून ती नेहमीसारखं काहीतरी बोलेल म्हणून मी थांबलो.

"काय गं पारू, आज भाव नाही करायचा?"

"आज मासो आमचो नाय," ती म्हणाली. "बंदरार ट्रॉलरवाल्याचो घेतलंय. भाव पाडून कोणाचो पाडतलास?"

मग इंदूकडे वळून तिने तिचा हात धरला आणि म्हणाली, "बरा आसस मा गो?" एवढंच.

किनाऱ्यावर आलो. बागेच्या कोपऱ्यापासून काटेरी तार सुरू झाली होती, ती वाळूतून भरतीच्या रेषेपर्यंत उतरली होती, आणि तशीच दुसरी पलीकडून. रापण ओढायची सगळी वाळू मध्ये. मी खांब पाहिले. जाड अँगल, चांगला माल, वेल्डिंग मात्र कच्चं. दोन धक्क्यांत आडवे झाले असते. बागेतल्या वाटेवर फाटक आणि फाटकावर माणूस. विहीर आत. रापणीची होडी खडपाजवळ उपडी पडली होती, आणि तिच्या सावलीत भिवा बसला होता.

मी गाडीतून लोखंड कापायची कात्री काढली. भिवाने ते पाहिलं आणि उठला.

"ठेवा तां," तो म्हणाला.

"मी शब्द दिलाय, भिवा."

"तुमी तोडतलास आणि घाट चढतलास. मगे चौकीत आमका बसयतत. ठेवा."

मी कात्री ठेवली. त्याच्याशेजारी बसलो. गप्प बसणं त्या दिवशी सोपं नव्हतं. हळूहळू त्याने सांगितलं. आता जाळं खडपाच्या पलीकडून ओढतात. तिथे तळाला दगड आहेत, जाळं फाटतं, आणि ओढण्यात जेवढा वेळ जातो तेवढाच विणण्यात. निम्मी रापण मोडली. कोणी ट्रॉलरवर गेलं, कोणी गोव्याला. मैलभराचं जाळं थोड्या हातांनी येत नाही. हात कमी म्हणून मासा कमी, मासा कमी म्हणून आणखी हात कमी. ज्या बाईचा ढीग वेगळा काढत, तिचा ढीग आता पडत नाही, कारण ढीगच पडत नाहीत.

तो मला एक शब्दही उलट बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. भांडण मला कळतं.

मीच विचारलं, "माझं नाव आता कसं घेता तुम्ही लोक?"

"नारळी पुनवेक गाराणा घातला," भिवा म्हणाला. "तुमचा नाव तसाच घेतला. शबुद दिलेलो माणूस आसा, तेका सांभाळूची बुद्धी दी. एकदा घातलेला नाव आमी काढूचव नाय."

म्हणजे मी घाटावर ट्रकच्या बॉड्या ठोकत होतो, तेव्हा या किनाऱ्यावर, फाटकं जाळं हातात धरून, ही माणसं माझ्यासाठी बुद्धी मागत होती. इंदू हे ऐकत होती. ती उठली, उंडीच्या झाडाकडे गेली. झाड तारेच्या आत आलं होतं. ती तारेबाहेर उभी राहून हात जोडून आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोणाकडे जेवलो नाही, समुद्रात गेलो नाही. सरळ मुंबई गाठली.

कचेरीत रेगेसाहेबांनी ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला. मी आवाज चढवला तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं.

"मी काय कबूल केलं होतं?" ते म्हणाले. "कुठे लिहिलंय? मी तिथे होतो का?"

"नारळ तुमचा होता."

"नारळ पाठवणं हा माझा चांगुलपणा. बोललात तुम्ही. आणि मिस्त्री, खरं सांगू, फार छान बोललात. मला जमलं नसतं." मग टेबलावर पुढे वाकून ते म्हणाले, "आरोंद्याला खाडीच्या कडेला एक जागा पाहिलीय. तिथेही असेच लोक आहेत. येता का दोन दिवस? गाडी घेऊन या. वहिनींनाही आवडेल."

मी त्यांच्या अंगावर गेलो नाही. इंदू शेजारी होती, तिने माझं मनगट धरलं होतं. पण ते वाक्य मी घरी घेऊन आलो आहे आणि ते रोज माझ्याबरोबर जेवायला बसतं. त्या किनाऱ्यावर मी काय म्हणून होतो, ते मला त्या खुर्चीत कळलं. मला वाटत होतं, मी पाहुणा आहे. रेग्यांच्या लेखी मी हत्यार होतो, आणि चांगलं चाललो म्हणून दुसऱ्या कामाला न्यायचं होतं.

घरगाडी शेडच्या मागे उभी आहे. इंदू तिच्यात बसत नाही. पडदे काढून ठेवलेत.

हे प्रवासाचं लिहिलं, ते तिकडे न गेलेल्यांनी वाचावं म्हणून. त्यांनी जावं. बांगडा खावा, तिरफळ चावू नये, ओहोटीच्या वाळूत गाडी उतरवू नये. आणि आरोंद्याकडे किंवा दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावर पांढऱ्या पँटीतला एखादा गोड बोलणारा माणूस तुमच्या चहाला आला, तर तो कोणाविरुद्ध वापरायला तुमची जीभ मागतो आहे, ते आधी विचारावं.

आणि रेगेसाहेब, हे तुमच्यापर्यंत पोचेल अशा बेताने मी छापायला देतो आहे. येत्या नारळी पौर्णिमेला मी उंडीच्या झाडाखाली उभा असेन. तार असली तरी असेन. नारळ मी आणतो, तुम्ही फक्त स्वतः या, ड्रायव्हर पाठवू नका. भिवा गाऱ्हाणं घालील आणि या वेळी नाव तुमचं घेतलं जाईल. मग सगळे "व्हय म्हाराजा" म्हणण्याआधी क्षणभर थांबतात. तेवढ्यात तुम्ही तुमच्या तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, की ही वाट कोणी अडवली.